तांडेल कोणाच्या घरची

आमच्या मालिकेला अकरा वर्षं पुरी झाली आणि तिच्या तांडेलाचा आवाज गेला. घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी माणूस परत दिला, आवाज तेवढा ठेवून घेतला. आता मालिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टीव्ही येईल, सासूसुना येतील. तसलं काही नाही. आमची मालिका कानांनी ऐकायची. दर शुक्रवारी दिवेलागणीला समाजाच्या फोनवरच्या गटात बारा-तेरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण येतं. त्यात एक अंतराळयान असतं, यानात भाताचं बियाणं भरलेलं असतं, आणि यान हाकणारा तांडेल आमच्या तंजावुरी मराठीत इंजिनाला शिव्या घालत असतो. लिहिते मी.

मी इथल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावुरात आले ते इथलेच झाले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, हापिसात इंग्रजी असं आमचं चालतं. बोलतो आम्ही, पण देवनागरी वाचणारं माणूस आमच्यात शोधावं लागतं. मीसुद्धा चाळिशी उलटल्यावर पहिलीचं पुस्तक आणून गिरवलं, म्हणून आज हे लिहू शकते. तेव्हा गोष्ट लिहून वाटायची सोयच नव्हती, बोलूनच द्यायला हवी होती. मी मराठी संवाद तमिळ अक्षरांत लिहून काढते आणि आमच्या कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून आम्ही ते म्हणतो. पोती असली की आवाज घुमत नाही.

लोक मला विचारायचे, आकाशच कशाला, कीर्तनं नाहीत का? आहेत ना. पण कीर्तनात मुलं झोपतात आणि यान बंद पडलं की जागी राहतात, हे मी माझ्या बहिणीच्या नातवंडांवर करून पाहिलेलं आहे. ती परदेशात वाढतात. आजीनं मराठीत हाक मारली तर इंग्रजीत ओ देतात. त्यांच्यासाठी म्हणून पहिला भाग केला. तो याच्याकडून त्याच्याकडे गेला आणि वर्षभरात चेन्नई, बेंगळुरू, कुंभकोणम, कुठे कुठे लोक शुक्रवारची वाट बघायला लागले.

त्याचं श्रेय निम्मं आमच्या तांडेलाचं. ते आमच्याच गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर. आवाज असा की ते 'पाणी आण' म्हणाले तरी शेजारचा उठून उभा राहायचा. यान उल्कांच्या माऱ्यात सापडलं की ते खर्जात नुसतं 'असूं दे' म्हणायचे आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. एका भागात तांडेल रसम प्यायला, तर पुढच्या शुक्रवारी अर्ध्या घरांत रसम. डावं इंजिन मी दोन वर्षांपूर्वी निकामी केलं होतं आणि विसरून पुन्हा चालू केलं, तर मला रात्रीपर्यंत एकवीस जणांनी जाब विचारला.

शस्त्रक्रियेनंतर ते माझ्या घरी आले ते खिशात वही घेऊन. मी म्हटलं, आता पुरे, सन्मानानं बंद करूया. त्यांनी मान हलवली आणि वहीत तमिळ अक्षरांत लिहिलं, 'बंद नाही. इस्त्रीवाली.' मला वाटलं शर्ट आणायला सांगताहेत. मी पिशवी शोधायला उठले, तर त्यांनी माझा हात धरून बसवलं आणि 'इस्त्रीवाली'खाली दोन रेघा मारल्या.

इस्त्रीवाली म्हणजे राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली हातगाडी लावते ती. पस्तिशीची असेल. तमिळ घरातली. विशीत असताना ती गल्लीतल्याच एका म्हातारीला सांभाळायला होती, चांगली सात वर्षं. म्हातारीचा मुलगा चेन्नईत मोठ्या हुद्द्यावर, महिन्यातून एका रविवारी यायचा. म्हातारी एकेक विसरत गेली. आधी इंग्रजी गेलं, मग तमिळ, आणि शेवटी तिच्यापाशी मराठी तेवढी उरली. मग ह्या पोरीनं काय करावं? शिकली. दिवसभर घरात दुसरं कानावर पडतच नव्हतं. म्हातारी गेल्यावर तिनं गाडी टाकली, आणि आमच्याशी तमिळमध्ये बोलत राहिली, कारण आम्ही सगळे तिच्याशी तमिळमध्येच बोलायचो. मीसुद्धा. माझ्या साड्या तिच्याकडे जायला लागल्याला कितीतरी वर्षं झाली होती आणि मला पत्ता नव्हता. पोस्टमास्तरांना पत्ता लागला, कारण एकदा बटण तुटलं म्हणून ते स्वतःशीच मराठीत करवादले आणि हिनं मान वर न करता मराठीत उत्तर दिलं.

मी गेले गाडीपाशी. म्हटलं, "तुला मराठी येतं म्हणे?"

तिनं कोळशाची इस्त्री बाजूला ठेवली. "येतें कीं अक्का. कोणीं विचारलंच नाहीं."

मला माझीच लाज वाटली. तसं मी तिला सांगितलं नाही, इतकी मी भली नाही. मी म्हटलं, दुपारी घरी ये, काम आहे.

पोत्यांमध्ये बसवून मी तिला एक प्रसंग समजावला. वाचता तिला तमिळ येतं, त्यामुळे माझी वही तिला अडत नव्हती. इंजिन थंड पडलंय, बाहेर काळोख, तांडेलानं त्याला जागं करायचं. पोस्टमास्तरांनी हा प्रसंग गर्जून केला असता. तिनं वहीतलं वाक्य वाचलं आणि वही मिटून भलतंच म्हणाली. हळू, कंटाळलेल्या मायेनं, आजारी माणसाच्या तोंडाशी घास धरून बोलतात तसं. "ऊठ. दोन घांस खा. मग मर हवं तर." इंजिनाला. मी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. ते वहीत काही लिहीत नव्हते, नुसते बसले होते आणि डोळे पुसत होते.

तिचा पहिला भाग गेला. आवाज कोणाचा ते सांगितलं नाही. त्यात डाव काही नव्हता, आम्ही अकरा वर्षांत कधीच कोणाचं नाव सांगितलं नव्हतं. गोष्टीत असं केलं की जुना तांडेल थंड झोपेच्या पेटीत जातो आणि बियाण्याची कोठी सांभाळणारी बाई सुकाणू हातात घेते. पाच मिनिटांत गट पेटला. बाईमाणूस तांडेल? कोईमतूरच्या एका काकांनी म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली. एकानं तर जुना तांडेल खरंच वारल्यासारखा फुलांचा हार पाठवला. दुसऱ्यानं तिसऱ्या वर्षीच्या एका भागाचा दाखला दिला की तांडेल व्हायला यानातच जन्मलेलं असावं लागतं, असा यानाचा कायदा आहे आणि लेखिकेला तो मोडता येणार नाही. अरे, तो कायदा मी इडली खात खात केला होता. मी त्याला तसंच कळवलं. प्रत्येकाला उत्तर दिलं मी. घरच्यांनी म्हटलं, दुर्लक्ष कर. दुर्लक्ष करणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ओरड निम्मी झाली. तिसऱ्या आठवड्यात लोक तिची वाक्यं म्हणून दाखवू लागले. 'मग मर हवं तर' हे बेंगळुरूच्या एका सुनेनं आपल्या बंद पडलेल्या मिक्सरला म्हटलं आणि तो चालू झाला, असं तिनं शपथेवर कळवलं. आणि मग आमच्या लोकांचा जुना आजार उपटला. कोणाच्या घरची?

हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आमची माणसं थोडी. कोणी तोंड उघडलं की चार वाक्यांत त्याचं घर, गाव, आजोळ ओळखायचं, ही आमची हौस. कोणी 'अस्क' कसं म्हणतो, म्हणजे 'सगळं', त्यावरून कुंभकोणमचा की तंजावूरचा ते ठरवतात. तर हिच्या आवाजावर दावे सुरू झाले. तिरुवैयारुच्या एका घरानं सांगितलं, वाक्याच्या शेवटी सूर लांबवते ती नदीकाठची ढब आहे, ही आमच्या थोरल्या आत्याच्या वंशातली. मदुराईच्यांनी सांगितलं, छे, 'चोखट' म्हणताना अशी अडखळते ती आमच्या पणजीची सवय. आणि तिसरा दावा आमच्या समाजाच्या अध्यक्षांचा. त्यांनी स्वतः बोलून पाठवलं, इंग्रजीत, की ही शंभर टक्के आमच्या घराण्यातली आहे, हुबेहूब माझ्या आईचं बोलणं, मला ऐकताना भरून आलं.

हे अध्यक्ष म्हणजेच त्या म्हातारीचे चिरंजीव. लहानपणापासून बाहेरगावी वसतिगृहात शिकलेले, नोकरी संपवून ते आता गल्लीतल्या घरी राहायला आले होते. शर्ट तिच्याकडेच द्यायचे. तिच्याशी तमिळमध्ये बोलायचे, ती तमिळमध्ये 'सरि', म्हणजे 'बरं', म्हणायची, आणि तिचा मराठी आवाज म्हातारीच्या कानाशी केलेल्या कुजबुजीपलीकडे त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

मी ते दावे तिला गाडीपाशी जाऊन ऐकवायचे. ती हसायची. "तीन घरं मिळालीं मला. एक तरी भाड्यानं द्या म्हणावं." दोन आठवडे मी ही मजा लुटली, आणि ते माझं चुकलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. कारण नंतर लोक म्हणाले की तुम्ही फसवलंत, आणि त्यांचं ते वाक्य मला पुरतं खोडता येईना.

सांगायचं तिनंच ठरवलं. म्हणाली, "सांगून टाका अक्का. मीं कांहीं चोरी केली नाहीं." तिच्या पाचव्या भागाच्या शेवटी तिनं स्वतःच सांगितलं. मी राजवाड्यामागच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्री करतें, गाडी माझी आहे, सकाळीं आठापासून असतें, तुमचे कपडे आणा.

त्या शुक्रवारी गट इतका शांत होता की मला वाटलं माझा फोन बिघडला. शनिवारी सकाळपासून एकेक सभ्य माणूस उगवायला लागला. आमचा त्या बाईंना विरोध नाही, पण. गुणी आहेत, पण. भाषा म्हणजे आपली ओळख, म्हणून म्हणतो. ज्यांनी तिला आत्याच्या वंशात घातलं होतं त्यांनी आपले जुने निरोप पुसून टाकले. बरेच जण गट सोडून गेले. आणि सोमवारी तिच्या गाडीवर मराठी घरांची बहुतेक गाठोडी आली नाहीत. बाजारात यंत्रावर इस्त्री करणारं दुकान आहे, तिकडे गेली. ह्या लोकांच्या उशांचे अभ्रेसुद्धा वर्षानुवर्षं तिनं सरळ केले होते.

मी रागानं लाल झाले होते आणि ती आपली दुसऱ्यांचे कपडे घडी करत होती. मी म्हटलं, तुला नको असेल तर सांग, मी कोणालाही दोष देणार नाही. ती म्हणाली, "मला काढायचं तर तुम्हीं काढा. ते कोण? सात वर्षं त्या घरांत मीं हेंच बोललें. तेव्हां माझ्या तोंडांत चाललं. आतां लोक ऐकायला लागले तर चालेना?" हातातली घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला हें सोडायचं नाहीं अक्का. माझ्या आयुष्यांत मला पहिल्यांदा कोणीं ऐकतंय."

तेव्हा माझ्यापुरता निकाल लागला. बाकी काही गेलं तरी चालेल, हिचा तांडेल जाऊ द्यायचा नाही.

अध्यक्षांनी सभा बोलावली. रविवारी सकाळी, समाजाच्या दालनात. माणूस वाईट नाही, हे मी सुरुवातीलाच सांगते. समाजाच्या कामासाठी भर उन्हात फिरतात, कोणाच्या घरी काही झालं तर पहिले हजर. ते उभे राहिले आणि मातृभाषा ह्या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले. बोलले इंग्रजीत, विनोद तमिळमध्ये. सार एवढंच की इस्त्रीवालीचे आभार मानावेत, शाल द्यावी, पण तांडेल म्हणजे आपल्या भाषेचा चेहरा आहे आणि तो आपल्यातलाच हवा. त्यांचा पुतण्या चेन्नईत संगणकाच्या कंपनीत आहे, तो वेळ काढून करायला तयार आहे.

मी उठले. गुडघे दुखत होते, पण राग असला की मला गुडघ्यांची आठवण राहत नाही. मी मराठीत म्हटलं, आज सकाळी ज्यांनी घरात दहा वाक्यं मराठीत बोलली त्यांनी हात वर करा. शिक्षिका आहे, हात वर करायला लावणं एवढं मला येतं. बरेच हात वर झाले, काही अर्धेच. मी म्हटलं, आता ज्यांना मुलांनी मराठीत उत्तर दिलं तेवढेच राहू द्या. सगळे हात खाली आले. पुढच्या रांगेतला एक वर राहिला, तर त्या गृहस्थांना ऐकू कमी येतं असं कळलं.

"चेहरा चेहरा काय करता?" मी म्हटलं. "तुमची पोरं शुक्रवारी ज्या बाईचं मराठी कान देऊन ऐकतात, तिला तुम्ही शाल देऊन घरी पाठवणार. घरचं राखता येईना आणि राखणाऱ्याला हाकला."

अध्यक्ष शांतपणे इंग्रजीत म्हणाले, मग समाजाच्या गटावर ही मालिका जाणार नाही.

"गट तुमचा. यान माझं," मी म्हटलं आणि निघाले. पोस्टमास्तर काठी घेऊन माझ्यामागून आले. दारात थांबून त्यांनी वहीत काही लिहायला घेतलं आणि मग वही खिशात टाकली. सभेला द्यायला बहुधा त्यांच्याकडे सभ्य असं काही नव्हतं.

सभेत काय झालं ते तिला दुपारपर्यंत कळलं होतं, मी न सांगता. सोमवारपासून तिनं एक नवीनच सुरू केलं. मराठी घरातलं कोणी गाडीपाशी आलं की ती मराठीतच बोलणार. समोरच्यानं तमिळमध्ये विचारलं तरी उत्तर मराठीत. तमिळ घरांशी तमिळ, आमच्याशी मराठी, विषय संपला. जी थोडी घरं अजून कपडे देत होती त्यांची पंचाईत झाली. कांजी किती घालायची, साडीची घडी रुंद हवी की अरुंद, हे कधी कोणाला मराठीत सांगावं लागलंच नव्हतं. माझ्या समोर एका वकिलीणबाईंनी बोटांनी खुणा करून ब्लाउजची बाही दाखवली. ही म्हणाली, "तोंडानं सांगा हो बाई, हात कशाला दुखवतां?" मी हसू दाबत उभी होते. तिला म्हटलं, उरलेली गिऱ्हाइकं घालवशील. ती म्हणाली, जाऊं देत.

मालिका आम्ही वेगळी पाठवू लागलो. ज्याला हवी त्यानं मला एक निरोप करायचा, मी त्याला पाठवणार. पहिल्या शुक्रवारी मागणारे अकराजण निघाले. मी रडले नाही, पण जेवलेही नाही. तिकडे समाजाच्या गटावर पुतण्याचं यान उडालं, संवाद दुसऱ्याच कोणाकडून लिहून घेतलेले. ते मी ऐकलं, का नाही ऐकणार? बिचारा रेल्वे स्थानकावरची सूचना वाचावी तसा वाचत होता. उल्का आदळली आणि तांडेलानं ती वेळापत्रकासारखी जाहीर केली. लोकांनी तक्रार केली तर तो म्हणाला संवादच धड लिहिलेले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं. दोन भागांनंतर त्याला नोकरीत बढती मिळाली आणि वेळ मिळेनासा झाला.

आमच्याकडे माणसं हळूहळू यायला लागली. गाजावाजा करून कोणी आलं नाही. आया यायच्या, नवऱ्यांना न सांगता. एकीनं लिहिलं, मुलगी जेवत नाही, तांडेल पाठवा. तिरुवैयारुच्या ज्या घरानं तिला आत्याच्या वंशात घातलं होतं, त्या घरच्या म्हातारबाई एक दिवस टाऊन बसनं आल्या. काखेत भलंमोठं गाठोडं. गाडीवर ते आपटून म्हणाल्या, "घे. आणि माझी आत्या उदंड चांगलं बोलायची, पण तुझ्याइतकं नाहीं." गाठोड्यात पडदेसुद्धा होते. तिरुवैयारुत काय इस्त्री मिळत नाही?

मला वाटलं आता हे असंच चालणार. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. चालेल, म्हटलं.

मग एका सकाळी नऊच्या सुमाराला मी गाडीपाशी पुढच्या भागाची वही द्यायला गेले होते, तर अध्यक्ष चालत आले. हातात दोन पांढरे शर्ट. सभेनंतर ते गाडीकडे फिरकले नव्हते. त्यांनी शर्ट फळीवर ठेवले, मला नमस्कार केला आणि तिच्याशी तमिळमध्ये बोलायला लागले. पुतण्याला जमलं नाही. मालिका परत समाजाच्या गटावर यावी अशी बऱ्याच जणांची इच्छा आहे. तिनंच तांडेल करावं, त्यांची हरकत नाही. फक्त आवाज कोणाचा हे सांगत बसू नये, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही.

ती म्हणाली, "सांगूनच येईन. नाहीं तर नाहीं." मराठीत.

मी तोंड उघडणार होते, पण उघडायची गरज राहिली नव्हती. अध्यक्षांनी नकाराची मान हलवली. मला वाटलं आता शर्ट उचलून चालते होतील. ते गेले नाहीत. तिथेच उभे राहिले, बोटानं फळीवरच्या कापडाची सुरकुती सारखी करत. मग खालच्या आवाजात, तमिळमध्येच, त्यांनी विचारलं. आई गेली त्याआधीचे पंधरा दिवस ते रजा काढून इथे होते. दिवसभर तिच्या शेजारी बसायचे. ती एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणायची. त्यांना वाटायचं स्तोत्र म्हणते आहे, म्हणून ते हात जोडून बसायचे. तू तिथेच होतीस, तुला कळत होतं. काय म्हणत होती ती?

तिनं शर्टावर पाणी शिंपडलं. "मराठींत विचारा," ती म्हणाली.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकले असते, त्यांचा प्रश्न मराठीत करून देऊ शकले असते, दोन सेकंदांचं काम होतं. मी नाही केलं. पासष्टीच्या माणसाला रस्त्यावर असं उभं करणं बरं नाही हे मला कळत होतं, तरी नाही केलं.

"आई," ते म्हणाले. रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं. "आई... काय... सांगत होता?"

"कधीं?"

"शेवट. शेवट दिवस. मी... बसला होता. बाजूला."

तिनं इस्त्री उतरवून खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि त्यांच्याकडे सरळ बघत, एकेक शब्द सुटा करून, त्यांना कळेल असं सांगितलं.

"'माझा लेक कधीं येतो गे?' असं विचारत होत्या. रोज. मी सांगें, हे काय, शेजारींच बसलेत तुमचे लेक. त्या तुमच्याकडे बघत आणि म्हणत, 'हा नव्हे. हा कोणीतरी भला माणूस आहे, पण ह्याला आपलं बोलणं येत नाहीं.'"

शेवटचं त्यांना कळलं. चेहऱ्यावरून दिसलं मला.

तिनं त्यांचा दुसरा शर्ट ओढला, उलगडला, कॉलर फळीवर सपाट केली.

"आणखीं विचारा," ती म्हणाली. "सात वर्षांचं आहे माझ्यापाशीं. हळूहळू विचारा, मी सांगेन."